विकतचे कष्ट

माझा भाचा वडोदऱ्यास लहानाचा मोठा झाला आणि गेली काही वर्षे नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिक येथे राहतो. गेल्या वर्षी आषाढ लागण्याच्या सुमारास त्याने आपल्या आईस दूरध्वनीवरून कळविले की, या रजेत तो इटलीतील पर्वतांत सायकलवरून आठवडाभराच्या सफरीस जाणार आहे. रोज पाचसहा तास चढ चढावयाचा, रोज एखाददुसरी खिंड ओलांडावयाची, आणि या साऱ्या यातायातीबद्दल एका सफरसंस्थेस आपल्याकडील कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम आगाऊ भरावयाची, असा तो बेत होता. माझी बहीण स्वभावाने फटकळ. ती म्हणाली, "आपल्या बाबांनी जन्मभर जे फुकट केले, ते हा पैसे मोजून करायला निघाला आहे!"

आम्ही सारे हसलो. पण हसून झाल्यावर त्या वाक्यातील सल माझ्या मनातून जाईना. आमचे वडील बेळगावाजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. घर शहरात, शाळा आठ मैलांवर. पावसाळ्यात वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढले की सायकल खांद्यावर घेऊन ते पलीकडे जात, आणि ओल्या धोतरानेच मुलांना पाढे शिकवीत. तीस वर्षे त्यांनी हा क्रम चालविला. त्यास कोणी तपश्चर्या म्हटले नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच. त्यांच्या दृष्टीने ती नोकरी होती. आता त्यांचाच नातू एका परक्या देशातील डोंगर चढून घामाघूम होणार आणि परत आल्यावर त्याचे कौतुक होणार. या दोन श्रमांत काही नाते आहे का? की एक खरे आणि दुसरे खोटे? ज्या कष्टांतून केव्हाही सुटता येते, आणि ज्यांच्यासाठी आपण उलट पैसे देतो, त्या कष्टांना नैतिक मोल कितपत असते?

वाचकांपैकी अनेकांना या सफरींची कल्पना नसेल, म्हणून प्रथम त्यांचे स्वरूप सांगतो. दहाबारा जणांचा मेळ असतो. त्यांच्याबरोबर दोन वाटाडे असतात आणि तेही सायकलवरच. एक सर्वांच्या पुढे राहतो, दुसरा सर्वांत मागच्या स्वाराच्याही मागे. शिवाय एक मोटारगाडी असते. तीत सुटी चाके, खाणे, पाणी आणि प्रत्येकाची कोरड्या कपड्यांची पिशवी. मोठे सामान सकाळी एका विश्रांतिगृहातून उचलले जाते आणि संध्याकाळी दुसऱ्यात खोलीच्या दाराशी येऊन पडते. चढताना ज्याचे पाय थकतील त्याने हात वर करावा. गाडी थांबते, सायकल टपावर चढते, स्वार आत बसतो. कोणी काही बोलत नाही. माझ्या भाच्याच्या मेळात बाराजण होते. पहिले दोन दिवस ते डोलोमाइट पर्वतात काम्पोलोंगो, पोर्दोई, सेला आणि गार्देना या चार खिंडी सेला नावाच्या प्रचंड कातळसमूहाला वळसा घालून पार करीत होते. आपल्याकडील मनुष्यास ती प्रदक्षिणाच वाटावी, आणि भाच्याने तोच शब्द वापरला. पुढे बोल्झानोवरून मेंदोला आणि तोनाले या खिंडी ओलांडून पोंते दि लेन्यो, तेथून गाव्हिया खिंडीतून बोर्मियो, मग मोर्तिरोलो, आणि अखेरच्या दिवशी प्रातो गावाच्या बाजूने स्तेल्व्यो.

स्तेल्व्योचे नाव सायकलस्वारांच्या जगात आपल्याकडील एखाद्या गडासारखे घेतले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७५८ मीटर उंचीवरची ही खिंड पूर्व आल्प्समधील पक्का रस्ता असलेल्या खिंडींत सर्वांत उंच आहे. प्रातोहून वर जाण्यास सुमारे २५ किलोमीटर रस्ता आहे, आणि तेवढ्या अंतरात स्वार १,८०० मीटरांहून अधिक उंची चढतो. त्यात ४८ तीव्र वळणे आहेत. प्रत्येक वळणावर क्रमांकाचा दगड आहे आणि क्रमांक उलटे लाविले आहेत. पायथ्याशी ४८, माथ्याशी १. किती झाले याचा हिशेब तो दगड ठेवीत नाही, किती उरले तेवढेच सांगतो. थकलेल्या माणसाच्या मनाची ओळख असलेल्या कोणीतरी ही योजना केली असावी असे मला वाटते.

पण हा रस्ता सायकलस्वारांसाठी बांधलेला नाही. लोंबार्दी प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता तेव्हा तो तिरोलशी जोडावा म्हणून १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो तयार झाला. नकाशावर नाव दोनेगानीचे राहिले. पहारीने कातळ फोडणाऱ्या मजुरांचे नाव राहिले नाही, हे निराळे सांगावयास नकोच. पुढे १९१५ ते १९१८ या वर्षांत इटली आणि ऑस्ट्रिया यांची आघाडी याच शिखरांवरून गेली. बर्फात खंदक खणून दोन्ही बाजूंचे सैनिक तीन हिवाळे एकमेकांसमोर बसले होते, आणि त्यांतील कित्येक गोळीने नव्हे तर हिमलोटाने आणि थंडीने मेले. पोर्दोई खिंडीत एक वर्तुळाकार दगडी वास्तू आहे. तीत हजारो जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांचे अवशेष ठेविले आहेत. त्याच खिंडीत फाउस्तो कॉप्पी या विख्यात सायकलपटूचे स्मारकही आहे. म्हणजे एकाच माथ्यावर दोन प्रकारच्या चढणाऱ्यांच्या खुणा आहेत. एक ज्यांना वर पाठविले ते, आणि दुसरा जो आपण होऊन गेला तो. भाचा म्हणाला की आमच्या मेळातील बहुतेकांनी कॉप्पीपाशी छायाचित्रे काढिली. त्या दुसऱ्या वास्तूकडे मात्र दोघेच गेले. यात मी कोणास दोष देत नाही. अराब्बाहून नऊ किलोमीटर आणि तेहतीस वळणे चढून आलेल्या माणसाला आणखी चालणे नको वाटत असेल.

येथे माझ्या बहिणीचा आक्षेप अधिक धारदार होतो. लादलेले कष्ट आणि निवडलेले कष्ट यांत आपण नेहमी निवडलेल्यांना उंच आसन देतो. तपस्वी वनात गेला तर त्याची कथा होते. मोळीविकी रोज वनात जाते, तिची होत नाही. हा अन्याय आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यावरून निवडलेले कष्ट खोटे ठरतात असे मात्र नव्हे. दोहोंची परीक्षा निरनिराळ्या जागी होते. माझ्या वडिलांना रोज सकाळी 'जावे की न जावे' हा प्रश्न पडत नव्हता. घरात पाच तोंडे होती, उत्तर ठरलेले होते. त्यांची कसोटी चढावर नव्हती. ती शाळेत पोचल्यावर लागे. भिजून आलेल्या मनुष्याने मुलांवर खेकसू नये, आठ मैलांचा शीण चौथीच्या वर्गावर काढू नये, ही त्यांची कसोटी होती, आणि त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात की ते तीत उतरले. उलट ज्याच्या मागून रिकामी मोटार सावकाश येत आहे, त्याला प्रत्येक वळणावर तोच प्रश्न नव्याने पडतो. अठ्ठेचाळीस वळणे म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा नकार देणे. सुटकेचे दार उघडे असणे म्हणजे कष्ट सोपे होणे, असे दुरून वाटते खरे. प्रत्यक्षात उघडे दारच माणसाला अधिक शिणविते. आपल्या घरातील उपवासाचेच पाहा ना. अन्न नसलेल्याची भूक आणि एकादशीस भरल्या स्वयंपाकघरात बसणाऱ्याची भूक यांत पहिली भयंकर आहे. पण इच्छाशक्तीचा प्रश्न दुसरीतच आहे.

मोटारीतून सामान जाते म्हणून हसणाऱ्यांनी जरा आपल्या वारीकडेही पाहावे. पंढरीच्या वाटेवर आज दिंड्यांचे तंबू, शिधा आणि वळकट्या मालमोटारींतून पुढे जातात. त्यामुळे पायी चालणाऱ्याचे चालणे उणे झाले असे कोणी म्हणत नाही. अर्थात साम्य येथेच संपते. वारकरी ज्याच्यासाठी चालतो तो वाटेच्या शेवटी उभा आहे. स्तेल्व्योच्या माथ्यावर भाजलेल्या सॉसेजचा गाडा आणि स्मरणवस्तूंची दुकाने आहेत. मग तेथे पोचावयाचे कोणासाठी?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा 'स्वतःसाठी' असे येईल, आणि येथेच गीतेच्या सतराव्या अध्यायाची आठवण होते. तेथे तपाचे जे वर्गीकरण आहे ते मी तरुणपणी अनेकदा वाचले होते, पण एक गोष्ट लक्षात आली नव्हती. शरीराचे तप म्हणून जी यादी तेथे दिली आहे, तीत शरीराला त्रास देण्याचा उल्लेखच नाही. पूज्यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, संयम आणि अहिंसा, एवढेच. देह झिजविणे म्हणजे तप, ही समजूत आपली आहे, ग्रंथाची नव्हे. पुढे सत्त्व, रज आणि तम या भेदांनी तपाची प्रत लाविली आहे. मानसन्मानासाठी आणि दिखाव्यासाठी केलेले ते राजस, आणि ते टिकत नाही असेही म्हटले आहे. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले ते तामस. सायकलच्या सफरीला तप म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कसोटी म्हणून हा गज लावून पाहण्यास हरकत नाही. छायाचित्रांसाठी चढणे राजस, हे उघडच आहे. आपल्या पिढीला ते इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही वावगे वाटेनासे झाले. तामसाचे उदाहरण मात्र मला भाच्याच्याच तोंडून मिळाले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

पाचव्या दिवशी गाव्हिया होती. पोंते दि लेन्योहून सुमारे अठरा किलोमीटर चढून २,६२१ मीटरवर पोचावयाचे. रस्ता काही ठिकाणी एका गाडीपुरताच रुंद, आणि माथ्याखाली एक अंधारा बोगदा. सायकलच्या इतिहासात ही खिंड ५ जून १९८८ या दिवसासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी इटलीची राष्ट्रीय शर्यत, म्हणजे जिरो, बर्फवृष्टीत या खिंडीतून गेली. योहान फान डर फेल्डे हा डच स्वार आखूड बाह्यांच्या सदऱ्यात सर्वांच्या आधी माथ्यावर पोचला. आणि पलीकडे उतरताना गारठून असा असहाय झाला की वाटेत आसरा घ्यावा लागला. बोर्मियोला तो विजेत्याच्या मागून सुमारे पाऊणतासाने आला. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन स्वाराच्या चमूने त्या सकाळीच दुकानातून उबदार कपडे आणि हातमोजे विकत घेऊन ठेविले होते. तो दुसरा आला, त्या दिवशी गुलाबी सदरा त्याच्या अंगावर चढला आणि पुढे शर्यतही त्यानेच जिंकली. चढताना देह आपल्याच श्रमाने तापतो. उतरताना श्रम थांबतात, घामाने भिजलेल्या अंगावर वारा येतो, बोटे बधिर होतात, आणि बोटांवाचून गतिरोधक दाबता येत नाही. पर्वतात मरण चढात फारसे नसते, उतारात असते. म्हणून माथ्यावर मिळणारा कोरडा सदरा ही चैन नव्हे.

भाच्याच्या दिवशी बर्फ नव्हते, पण पाऊस होता आणि उन्हाळा असूनही वर थंडी कडाक्याची होती. तो सर्वांत मागे पडला. माथा चार किलोमीटर राहिला तेव्हा त्याचा वेग चालणाऱ्या मनुष्यापेक्षा फारसा अधिक नव्हता, दात वाजत होते आणि सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झोके घेत होती. मागचा वाटाड्या त्याच्या बाजूस आला आणि म्हणाला, "आता गाडीत बसा." भाचा म्हणाला, "मी चढणार." थोड्या वेळाने पुन्हा तोच संवाद. तिसऱ्या वेळेस वाटाड्याने आवाज चढविला नाही. त्याने एवढेच सांगितले की, हवा अशी असता गाडी शेवटच्या स्वाराला सोडून पुढे जात नाही, हा नियम आहे. वर अकराजण भिजलेले उभे आहेत, आणि त्यांचे कोरडे कपडे या गाडीत आहेत.

भाचा गाडीत बसला. माथ्यावर पोचेपर्यंत तो कोणाशी बोलला नाही. संध्याकाळी बोर्मियोत जेवणाच्या मेजावर कोणी त्या प्रसंगाचा उल्लेखही केला नाही, आणि त्याचेच त्याला अधिक लागले. रात्री त्याने मला मोठे पत्र लिहिले. आजकाल पत्रे येत नाहीत; ते विजेच्या तारेनेच आले, पण पत्रच होते. त्यातील प्रश्न असा: "मामा, तिथे मी शहाणपणाने वागलो असे सगळे म्हणतील, तुम्हीही म्हणाल. पण मी शहाणपणाने बसलो नाही. रागाने बसलो. त्या अकराजणांची मला दया आली नव्हती; त्यांचा मला संताप आला होता. मग मी चढलोही नाही आणि चांगलाही वागलो नाही. माझ्या हाती काय राहिले?"

मी शिक्षकाचा मुलगा आणि स्वतःही शिक्षक. असल्या प्रश्नास घाईने उत्तर देण्याची मला खोड आहे. या वेळी ती आवरली आणि काही दिवस इकडचे तिकडचे वाचीत बसलो. त्यात प्रथम हे दिसले की 'मदत घेतली तर चढ आपला राहतो का' हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १९१३ साली फ्रान्सच्या शर्यतीत ख्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा काटा पिरेनिज पर्वतात मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास मनाई होती, म्हणून तो सायकल खांद्यावर टाकून खालच्या गावापर्यंत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः काटा सांधला. इतके करूनही त्यास दंड झाला, कारण भात्याला एका मुलाने हात लाविला होता! नियम करणारांना कष्ट शुद्ध हवे होते. शुद्धतेचा हा सोस किती हास्यास्पद होऊ शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ज्या रस्त्यावरून तो चालत गेला तो कोणी बांधला होता? ज्या ऐरणीवर त्याने काटा ठेविला ती कोणाची होती?

दुसरी गोष्ट इटलीतील आहे, आणि ती मला अधिक आवडली. १९२४ सालच्या जिरोत अल्फोन्सिना स्त्रादा नावाची बाई पुरुषांबरोबर उतरली. नव्वद स्वार निघाले होते. आक्विलाहून पेरुजास जाताना वादळी पावसात तिच्या सायकलचा दांडा मोडला. तेथे झाडूच्या काठीचा तुकडा बसवून तिने मजल पुरी केली, पण तोवर वेळेची मर्यादा उलटून गेली होती. नियमाप्रमाणे ती बाद झाली. संयोजकांनी मात्र तिला पुढे चालू दिले. शर्यतीत नव्हे, नुसत्या रस्त्यावर. क्रमांक नाही, वेळेची नोंद नाही, बक्षीस नाही. ती मिलानपर्यंत गेली. यादीत तीस जणांची नावे लागली, तिचे लागले नाही. भाच्याला मी प्रथम हीच गोष्ट कळविली. यादी आणि रस्ता या दोन वस्तू आहेत. गाव्हिया तुझ्या यादीत नाही, पण तुझ्या रस्त्यात आहे, असे मी लिहिले.

त्यावर त्याचे उत्तर तत्काळ आले आणि ते योग्य होते. "मामा, ती बाई स्वतःच्या पायांनी गेली. मी गाडीतून गेलो. तुम्ही मला गोंजारता आहात."

खरेच होते ते. सांत्वन करावयाचे म्हणून मी उदाहरण वाकविले होते. मग मी सांत्वन सोडून दिले आणि त्याच्या खऱ्या प्रश्नाकडे वळलो. सत्कृत्य रागाने झाले तर ते सत्कृत्य राहते का?

येथे जिनो बार्तालीचे चरित्र मला उपयोगी पडले. फ्रान्सची शर्यत दोनदा आणि जिरो तीनदा जिंकणारा हा फ्लोरेन्सचा स्वार. १९४३-४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील इटलीत तो सरावाच्या निमित्ताने फ्लोरेन्स आणि असिसी यांच्या दरम्यान लांब लांब रपेटी करी, आणि त्याच्या सायकलच्या पोकळ नळ्यांतून ज्यू कुटुंबांना वाचविणारी बनावट ओळखपत्रे जात, असे त्याच्या मृत्यूनंतर उजेडात आले. काही इतिहासकार या कथेच्या तपशिलांविषयी शंका घेतात, ते येथे नमूद केले पाहिजे. पण जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने २०१३ साली त्याचा गौरव केला, आणि तो स्वतः या विषयावर जन्मभर जवळजवळ मुका राहिला, हेही तितकेच खरे. माझे लक्ष निराळ्याच गोष्टीने वेधले. त्या रपेटी करताना बार्तालीच्या मनात काय होते ते कोणास कळण्याचा मार्ग नाही. भीती असेल, श्रद्धा असेल, कदाचित ज्याने हे काम गळ्यात घातले त्याच्यावर चीडही असेल. नळीतील कागदाला त्याचे काही नव्हते. तो पोचला म्हणजे एक घर वाचे.

नीतिशास्त्राचे पंडित हेतूला फार महत्त्व देतात आणि मीही वर्गात तेच शिकविले. पण हेतूची चौकशी ही बहुधा आपली स्वतःचीच चौकशी असते. तीत दुसरा मनुष्य मागे पडतो. "मी चांगला होतो का?" असे विचारताना भाचा अजून स्वतःच्याच चढावर होता, वर पावसात उभे असलेले अकराजण अजूनही त्याच्या प्रश्नात नव्हते. त्यांच्या बाजूने पाहिले तर गोष्ट साधी आहे. कपडे आले. ज्याने ते येऊ दिले तो रागावलेला होता की प्रसन्न, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि थंडीलाही ठाऊक नव्हते. म्हणून राग चांगला, असे माझे म्हणणे नाही. राग निवळावयास वेळ लागतो, आणि खिंडीत तेवढा वेळ नसतो. आधी गाडीत बसावे, मन मागून येईल तेव्हा येवो. उलट मन निर्मळ होण्याची वाट पाहात तो चढत राहिला असता, तर त्याचे कष्ट अधिक झाले असते, शुद्धही दिसले असते, आणि ते मी वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रतीचे ठरले असते. कोणाचे वाईट व्हावे असे त्याच्या मनात नव्हते. पण हट्ट मात्र होता, आणि त्याचे मोल दुसऱ्यांनी गारठून द्यावयाचे होते. विकत घेतलेल्या कष्टांतील खरा धोका मला हाच दिसतो. पैसे आपण दिलेले असतात, म्हणून कष्ट आपल्या मालकीचे वाटू लागतात. आणि मालकीच्या वस्तूला कोणी हात लाविला की माणूस चवताळतो.

माझ्या वडिलांना हा धोका नव्हता. त्यांचे कष्ट त्यांच्या मालकीचे कधीच नव्हते. एकदा ओढ्याला पूर असता एका गाडीवानाने त्यांना सायकलसकट बैलगाडीत घेतले, ही हकीकत ते आनंदाने सांगत. आज आपण चालवीत आलो नाही, ही खंत त्या सांगण्यात औषधालासुद्धा नव्हती. गाडीवानाच्या बैलांची नावे मात्र त्यांना अखेरपर्यंत पाठ होती.

कॉप्पी आणि बार्ताली यांचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. १९५२ च्या फ्रान्सच्या शर्यतीत घेतलेले. दोघे कट्टे प्रतिस्पर्धी, अर्धी इटली एकाच्या बाजूची, अर्धी दुसऱ्याच्या. चढावर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती पाण्याची बाटली जात आहे आणि दोघांचीही बोटे तिच्यावर आहेत. कोणी कोणाला दिली यावर तेव्हापासून वाद चालू आहे. दोघेही हयात असता मिटला नाही, आता तर मिटण्याची शक्यताच नाही. हे छायाचित्र मी भाच्यास पाठविले. खाली काही लिहिले नाही. तो मुलगा हुशार आहे.

मधल्या एका दिवसाचा वृत्तान्त त्याने पुढे कळविला. मेळात एक वृद्ध जोडपे होते. नवरा सत्तरीचा; त्याची सायकल विजेच्या यंत्राची. बायको साध्या सायकलवर. चढावर तो मुद्दाम यंत्राचा जोर कमी करून तिच्या बरोबरीने राही, आणि उतारावर ती त्याच्यासाठी थांबे, कारण त्याला आता वेगाची भीती वाटे. मोर्तिरोलोच्या चढावर, जेथे रस्ता भिंतीसारखा उभा राहतो असे सांगतात, भाचा त्या दोघांच्या मागून गेला. पुढे जाण्याची ताकद होती, तरी गेला नाही. याचे कारण त्याने लिहिले नाही आणि मी विचारले नाही.

शेवटच्या दिवशी त्याने स्तेल्व्यो पुरी चढली. अठ्ठेचाळीस दगडांपैकी एकही चुकविला नाही. त्याविषयी पत्रात दोनच ओळी होत्या. त्याऐवजी चालकाविषयी बरेच होते. हा मनुष्य त्याच दरीतला. रोज पहाटे सर्वांच्या आधी उठून बारा पिशव्या गाडीत चढवी, आणि कोणाची पिशवी कोणत्या कोपऱ्यात आहे हे त्याला न पाहता सांगता येई. आठवडाभर त्याने एकही खिंड 'चढली' नव्हती. वर्षानुवर्षे प्रत्येक उन्हाळ्यात त्या साऱ्या तो अनेकदा ओलांडतो. निरोप घेताना भाच्याने त्याला बक्षिसी दिली, आणि गाव्हियाच्या वाटेवर आपण त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो याबद्दल क्षमा मागितली. चालकाला त्यातले काही आठवतच नव्हते.

परवा त्याच्या आईने ती छायाचित्रे मला दाखविण्यास आणिली. त्यात एक गाव्हियाच्या माथ्यावरचे आहे. पावसाने धुरकट झालेले, खिंडीचे नाव लिहिलेली पाटी, मागे विश्रामगृहाची भिंत. अकराजण खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि थंडीने आकसलेले असूनही हसत आहेत. सर्वांच्या अंगावर कोरडे, रंगीबेरंगी जाकिटे आहेत. बहिणीने दोनदा पाहून विचारले, "यात आपला कुठे आहे?" तो त्यात नाही. छायाचित्र त्यानेच काढिले आहे.